रात्रीच्या जेवणाला कोलंबीचा पास्ता कसा करावा

पास्ता म्हटला की आपल्याकडे पांढरा सॉस, चीज आणि मक्याचे दाणे डोळ्यांसमोर येतात. कोकणात राहणाऱ्या माणसाला यातलं काहीच लागत नाही. इटलीच्या किनाऱ्यावरच्या घरांत पास्ता मासळीबरोबर, तेल-लसणात, मोजक्या जिनसांत होतो. नेपल्सचा प्रसिद्ध तिसऱ्यांचा पास्ता तेल, लसूण, पार्सली आणि तिसऱ्यांच्याच पाण्यावर होतो, वर चीज घालायची तिथे रीत नाही. त्याच पद्धतीने कोलंबीचा पास्ता करता येतो. कोलंबी सोलून तयार असेल तर गॅस पेटवल्यापासून ताटं वाढेपर्यंत अर्धा तास पुरतो.

खरी चव असते ती कोलंबीच्या डोक्यांत आणि सालांत. आपण ती केराच्या टोपलीत नाहीतर माडाच्या मुळाशी टाकतो. ती एकदा तेलात परतून, उकळून, गाळून घेतली की बाजारातल्या कुठल्याही सॉसची आठवण होणार नाही. माडाला नंतर द्याच, पण आधी त्यांचा अर्क काढून घ्या.

बाजारात

चौघांसाठी सालासकट अर्धा ते पाऊण किलो मध्यम कोलंबी घ्या. डोकं आणि साल गेलं की वजन जवळजवळ निम्म्यावर येतं, म्हणून वाटा बघताना त्या हिशोबाने बघा. फार मोठी कोलंबी कशाला? मध्यम कोलंबीच्या सालांतून रस चांगला निघतो आणि पास्त्याच्या प्रत्येक घासात एखादी तरी येते. करंदी मात्र यासाठी नको, ती सोलता सोलता रात्र होईल.

डोकं धडाला घट्ट धरून आहे, साल चकचकीत आहे आणि वास समुद्राचाच आहे, एवढं बघितलं तरी पुरे. डोकं लोंबत असेल, डोक्याशी काळपटपणा आला असेल किंवा नाकाला झोंबणारा वास येत असेल तर ती सोडून द्या. मिरकरवाड्याला किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर लिलावाच्या वेळी गेलात तर कोलंबी ताजी मिळतेच, पण दारावर येणाऱ्या मासेवालीला 'आजचीच आहे ना' असं तोंडावर विचारलं तरी ती सहसा खरं सांगते. तिला उद्या पुन्हा त्याच दारात यायचं असतं.

सोललेली कोलंबी आयती मिळाली तरी या पदार्थासाठी घेऊ नका. वेळ नसेल तर तिच्याकडूनच सोलून घ्या, पण डोकी आणि सालं वेगळ्या पिशवीत मागून घ्या.

बाकी सामान साधं आहे. ३२० ग्रॅम पास्ता, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, दोन पिकलेले टोमॅटो, दोन सुक्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एक लिंबू, चार-पाच मोठे चमचे तेल आणि सुपारीएवढं लोणी. इटलीत माणशी १०० ग्रॅम सुका पास्ता धरतात. आपल्या भात-पोळीच्या सवयीला ८० ग्रॅम पुरतो.

पास्ता घेताना पाकीट उलटून बघा. 'ड्युरम व्हीट सेमोलिना' असं लिहिलेलं हवं. हा कडक गव्हाचा रवा, आपला बन्सी रवा त्याच जातीच्या गव्हाचा. मैद्याचा पास्ता स्वस्त पडतो, पण रश्श्यात दोन मिनिटं जास्त राहिला की त्याचा गिचका होतो. आकार लांब असेल तर उत्तम, स्पगेटी किंवा लिंग्विनी. पातळ रस्सा लांब पास्त्यावर नीट बसतो. घरात लहान मुलं असतील तर पेने, म्हणजे आखूड नळीचा पास्ता, घ्या.

तेल ऑलिव्हचं असेल तर छानच, नसेल तर सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं चालतं. खोबरेल मी या पदार्थात वापरत नाही, त्याचा वास कोलंबीच्या वर चढतो.

सोलणं

डोकं धरून हलकेच पिळा, ते अलगद सुटतं. मग पायांच्या बाजूने अंगठा आत सारून साल एका दिशेने उलगडा. शेपटीचं टोक ठेवलंत तर ताटात छान दिसतं, काढलंत तर खाणाऱ्याला सोपं जातं. पाठीवर सुरीच्या टोकाने उथळ चीर द्या आणि काळा दोरा टोकाला धरून ओढा. तुटला तर टूथपिकने उचला. डोकी आणि सालं एका पातेल्यात, कोलंबी दुसऱ्यात.

कोलंबी एकदाच पटकन धुवा आणि स्वच्छ फडक्याने कोरडी टिपून घ्या. ओली कोलंबी तापल्या कढईत पडली की परतली जात नाही, पाणी सुटून उकडते. चिमूटभर मीठ लावा, बस. आपल्या हाताला सवय असते हळद, मीठ आणि आगळ लावून ठेवायची. आज ती सवय आवरा. हळदीने सगळा पास्ता पिवळा होतो, आणि आंबट लावून ठेवलेल्या कोलंबीचं मांस चुलीवर जाण्याआधीच आवळायला लागतं.

सालांचा रस्सा

हे पहिलं काम, कारण बाकी सगळं याच्या भरवशावर आहे.

जाड बुडाच्या टोपात दीड चमचा तेल तापवा, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या टाका आणि लगेच सगळी डोकी-सालं घाला. आच मोठी ठेवा. मिनिटभरात राखाडी सालं नारिंगी होतील. कोलंबीतलं अ‍ॅस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य कच्चेपणी प्रथिनाला बांधलेलं असतं, तोवर रंग निळसर-राखाडी दिसतो. उष्णतेने ते सुटं होतं आणि रंग उघडा पडतो. हे द्रव्य तेलात विरघळतं, म्हणून थोड्याच वेळात तेलही केशरी दिसायला लागतं. ते दिसलं की डाव किंवा रवीच्या बुडाने डोकी दाबून चेपा. डोक्यातला रस तेलात उतरला पाहिजे. तळाला लागू देऊ नका, करपलं तर कडवट होतं.

चार-पाच मिनिटं परतून झाल्यावर अडीच कप गरम पाणी ओता आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं उकळू द्या. जास्त वेळ उकळून फायदा नाही. बारीक गाळणीने गाळा आणि चोथा पळीने दाबून निपटून घ्या. दीड कपाच्या आसपास केशरी रस्सा मिळेल. मीठ आत्ता घालू नका. हा रस्सा पुढे आटणार आहे आणि पास्ताही मिठाच्या पाण्यातून येणार आहे.

पास्ता उकडणं

रस्सा उकळत असतानाच दुसऱ्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी ठेवा. खळखळून उकळी आली की सपाट दीड मोठा चमचा मीठ घाला. इटालियन घरात लिटरला दहा ग्रॅम धरतात, इथे कोलंबीचा खारटपणा असल्यामुळे थोडं कमी घ्यायचं. पाण्यात तेल घालू नका, त्याने पास्त्यावर तवंग चढतो आणि पुढे रस्सा धरत नाही. पास्ता टाकल्याबरोबर पहिला मिनिटभर हलवत राहा, चिकटतो तो तेव्हाच.

पाकिटावर जितकी मिनिटं लिहिली असतील त्यात दोन कमी करा आणि तेवढ्यावर पास्ता उचला. दातांखाली मधोमध किंचित कडक लागला पाहिजे. राहिलेली दोन मिनिटं तो कोलंबीच्या रश्श्यात शिजणार आहे, आणि शिजताना तो रस्सा पिऊन घेणार आहे. पूर्ण शिजलेला पास्ता काही पीत नाही.

पास्ता उपसायच्या आधी त्यातलं वाटीभर पाणी बाजूला काढा. त्यात पिठूळ स्टार्च असतो आणि तेल-रस्सा एकजीव करायचं काम तो करतो. नूडल्सना करतात तसं पास्ता नळाखाली धरून धुणं मात्र टाळा, अंगावरचा सगळा स्टार्च त्या पाण्याबरोबर मोरीत जातो.

कढईत

पास्ता पाण्यात गेला की कोलंबीला घ्या, दोन्ही कामं बरोबरीने चालू द्या. लोखंडी कढई किंवा पसरट तवा चांगला तापू द्या, चमचाभर तेल, आणि कोलंबी एका थरात पसरा. गर्दी वाटली तर दोन वेळा करा. एका बाजूने मिनिटभर, उलटून अर्धा मिनिट. कडा गुलाबी होऊन मांस पांढरं पडायला लागलं, अर्धगोल वळली की लगेच ताटलीत काढा. आतून थोडी कच्ची असली तरी हरकत नाही, ती परत कढईत येणार आहे. गच्च वेटोळं झालेली कोलंबी समजा गेली, ती आता चिवट लागणार.

त्याच कढईत, न धुता, उरलेलं तेल घाला. आच कमी करा. लसणाचे पातळ काप आणि तुकडे केलेल्या मिरच्या टाका. ब्याडगी घेतली तर रंग येतो आणि तिखटपणा सोसवतो. लसूण कडेने जेमतेम सोनेरी झाला की किसलेला टोमॅटो घाला. तो तेल सोडेपर्यंत, चार-पाच मिनिटं परता. मग गाळलेला रस्सा ओता, आच मोठी करा आणि निम्मा आटवा. आता चव बघून मीठ.

पास्ता चिमट्याने थेट पाण्यातून उचलून कढईत घ्या. थोडं पाणी ठिबकत आलं तर उत्तम. दोन मिनिटं मोठ्या आचेवर हलवत राहा, कोरडं वाटलं तर बाजूला ठेवलेलं पाणी चमचा-चमचा घाला. कढईच्या तळाशी पाण्यासारखा रस्सा उरता कामा नये. तो दाट होऊन पास्त्यावर चढला पाहिजे. शेवटच्या अर्ध्या मिनिटात कोलंबी, तिला सुटलेल्या पाण्यासकट, परत घाला. गॅस बंद करून लोणी, कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू आचेवर घालू नका, कडवटपणा येतो.

मालवणी मसाला घालावा का, हे हमखास विचारलं जातं. घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. धणे, बडीशेप, दगडफूल यांच्या पुढे सालांचा रस्सा टिकत नाही, मग तो काढायचे कष्ट कशाला? मसाल्याची कोलंबी हवी तर भाताबरोबर कालवण करावं, त्याला तोड नाही.

नारळाला मात्र जागा आहे. टोमॅटो वगळून आटवलेल्या रश्श्यात अर्धी वाटी नारळाचा जाड पहिला रस आणि एक आमसूल घातलं तर वेगळाच, सौम्य पास्ता होतो. नारळाचा रस घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, फुटतो. आमसूल वाढायच्या आधी काढून टाका, लिंबू आणि लोणी मग नको.

कोलंबी नसेल तेव्हा

तिसऱ्या मिळाल्या तर मिठाच्या पाण्यात, लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ, दोन तास ठेवा म्हणजे वाळू टाकतील. ज्या उघड्या आहेत आणि टिचकी मारूनही मिटत नाहीत त्या टाकून द्या. एरवी आपण त्या विळीवर उघडून एकशिपी करतो. इथे लसणाच्या तेलात अख्ख्याच टाकून झाकण ठेवा, तीन-चार मिनिटांत आपोआप उघडतात. शेवटपर्यंत न उघडलेल्या खाऊ नका. सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून तोच रस्सा समजा. पुरेसा खारट असतो, मीठ नको.

माकुलाची (स्क्विडची) चक्री दीड-दोन मिनिटंच परता. नाहीतर चांगली अर्धा-पाऊण तास शिजवा, मधल्या वेळेत काढलीत तर रबर चावावं लागेल. सुरमईचे बिनकाट्याचे तुकडे चालतात. सिसिलीत तारलीच्या जातीच्या माशाचा पास्ता बडीशेपेचा पाला आणि बेदाणे घालून करतात, पण काटे काढण्यात वेळ जातो, घाईच्या रात्री तो नको.

पावसाळ्यात, १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत, यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा फडताळातले सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, काढा. चौघांना मूठभर पुरतात. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, ते पाणी गाळून रश्श्याच्या जागी वापरा आणि सोडे मंद आचेवर लसणात परता. चव उग्र आणि खमंग येते. मीठ अगदी शेवटी, तेही चाखून.

पाहुणे येणार असतील तर वार बघाच, आणि कवचाच्या मासळीची कुणाला अ‍ॅलर्जी आहे का तेही आधी विचारा. हा पास्ता थांबत नाही, त्यामुळे ताटं मांडून, सगळ्यांना बसवून मगच पास्ता कढईत घ्या. उरलाच तर आपल्या दमट हवेत दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. गरम करताना कोलंबी वेगळी काढा, पास्ता दोन चमचे पाणी शिंपडून कढईत तापवा आणि कोलंबी वरून घाला.