मनपाला चार मतं असतात, एक नाही: प्रभागात मतदान कसं करायचं

मुंबईकरांना हे टेन्शन नाही, तिकडे २२७ वॉर्ड, एका वॉर्डात एकच नगरसेवक, एक बटण दाबलं की सुटलात. पुण्यात आणि बाकी बहुतेक महापालिकांत एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणून मतंही चार. जानेवारी २०२६ ला पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ जागा होत्या, त्यातला एक प्रभाग तर पाच नगरसेवकांचा.

सगळ्यात आधी मतदार यादी. मतदानाच्या दिवशी नाही हो, प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते तेव्हाच बघायची. विधानसभेला मत दिलंय म्हणजे इथे पण सगळं ओके असं धरून चालू नका, नाव असतं पण भलत्याच प्रभागात असतं. कारण मनपाची वेगळी मतदार नोंदणी नसतेच, विधानसभेचीच यादी उचलतात (मागच्या वेळी १ जुलै २०२५ ची) आणि प्रभागांप्रमाणे तोडतात, आणि तोडताना ए विंग एका प्रभागात आणि बी विंग शेजारच्या, असले प्रकार होतात. हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात, त्यामुळे क्षेत्रीय कार्यालयात जाऊन लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मात्र तिथे नवीन नाव घालून मिळत नाही. प्रभाग चुकला, विधानसभेच्या यादीत असून इकडे गळलं, टायपिंगची चूक, एवढंच दुरुस्त होतं. नवीन नाव हवं असेल तर फॉर्म ६ भरून विधानसभेच्या यादीत आधीच घालून ठेवायचं, निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग शून्य.

नाव शोधताना वोटर कार्डावरचा एपिक नंबर टाका, कारण यादीत क्षीरसागरचं शिरसागर कधी झालं असेल सांगता येत नाही. नावापुढे दोन स्टार दिसले तर घाबरू नका, म्हणजे तुमचं नाव दुबार असावं असा संशय आहे, केंद्रावर हमीपत्र लिहून देऊन मत देता येतं.

आता मशीन. जागांना अ, ब, क, ड अशी नावं असतात आणि प्रत्येकीच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. उमेदवार जास्त असले तर दोन-तीन मशीन शेजारी शेजारी मांडलेली असतात, आणि लोक पहिल्याच मशीनवर अडकतात. प्रत्येक रंगात एक बटण, असं चार वेळा. एक दाबलं, लाइट लागला, की झालं समजून निघायचं नाही, चारही झाली की मोठा बीप येतो, तोवर तिथून हलायचं नाही. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नाही? त्या जागेचं नोटा दाबा, प्रत्येक गटात वेगळं असतं. आणि हो, विधानसभेसारखी चिठ्ठी इथे दिसत नाही, व्हीव्हीपॅट नसतं, त्यावरून केंद्रावरच्या साहेबांशी वाद घालू नका, मागे रांग उभी असते.

प्रचारवाले सांगतात "ताई, पॅनल टू पॅनल करा", म्हणजे चारही मतं एकाच चिन्हाला. तसं काही बंधन नाही. अ ला एक पक्ष, क ला अपक्ष, सगळं चालतं. माझं स्पष्ट मत, पॅनलमध्ये एक वजनदार माणूस असतो आणि बाकीचे त्याच्या जोरावर तरून जातात, त्यामुळे चौघांची प्रतिज्ञापत्रं वेगवेगळी वाचा. राज्य निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर मिळतात, गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं असतं. कंटाळा आला तर निदान गुन्ह्यांचं पान तरी बघा.

जाताना ओळखपत्र घ्या, वोटर कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स चालतं. पक्षाच्या टेबलावरची स्लिप म्हणजे ओळखपत्र नव्हे. मोबाईल घरीच ठेवा, नाहीतर गेटवर कुणाच्या हातात देऊ अशी पंचाईत होते.

निकालानंतरचं पण सांगतो. ड्रेनेज तुंबलं की नगरसेवकाकडून "तो भाग माझ्याकडे नाही, क वाल्यांना विचारा" असं उत्तर येणार. अ, ब, क, ड ही फक्त जागांची आणि आरक्षणाची विभागणी आहे, प्रभागाचे तुकडे नाहीत. चौघंही पूर्ण प्रभागाचे नगरसेवक. फोटो काढून एकच मेसेज चौघांना एकत्र टाका, कोण उत्तर देतं ते पुढच्या वेळी उपयोगाला येतं.