अर्निंग यील्ड 25 टक्के दिसतंय? आधी या चुका टाळा

मार्च 2022 संपताना टाटा स्टीलचा शेअर तेराशे रुपयांच्या आसपास होता. त्या आर्थिक वर्षाचा निकाल लागला तेव्हा प्रतिशेअर मिळकत, म्हणजे ईपीएस, निघाली सुमारे 332 रुपये. 332 ला 1,300 ने भागा आणि शंभराने गुणा, साडेपंचवीस टक्के येतात. हेच अर्निंग यील्ड. पी-ई, म्हणजे शेअरचा भाव भागिले ईपीएस, उलटा केला की हाच आकडा मिळतो: पी-ई चार तर यील्ड पंचवीस, पी-ई वीस तर यील्ड पाच.

ओळखीतले एक काका तेव्हा खूश होते. एफडी पाच-साडेपाच टक्के देत होती आणि इथे पंचवीस. "म्हणजे चार वर्षांत पैसे वसूल!"

याला व्याज समजणं

काका, हे 332 रुपये कंपनीने कमावले, तुमच्या खात्यात आले नाहीत. त्या वर्षीचा लाभांश होता शेअरमागे 51 रुपये, म्हणजे तेराशेच्या भावावर चार टक्क्यांहूनही थोडा कमी. बाकीचा पैसा कंपनी कर्ज फेडायला, कारखाना वाढवायला वापरते. त्याचं पुढे सोनं होईल की माती, हे यील्ड सांगत नाही. एफडीचा दर मात्र मुदतीपुरता पक्का असतो.

एका वर्षाच्या नफ्यावर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टाटा स्टीलचा एकत्रित (उपकंपन्यांसह) नफा 2020-21 मध्ये आठ हजार कोटींच्या घरात होता. 2021-22 मध्ये तो एकदम 41,700 कोटींच्या पुढे गेला, कारण कोविडनंतर जगभर पोलादाचे भाव चढले होते. मे 2022 मध्ये सरकारने पोलादाच्या निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावलं (नोव्हेंबरात काढलंही), भाव उतरले आणि 2022-23 चा नफा पुन्हा आठ हजार कोटींच्या घरात आला. 2023-24 मध्ये तर तोटाच झाला. ब्रिटनमधल्या धंद्याची पुनर्रचना त्याला बरीच कारणीभूत होती.

आता गंमत बघा. यील्ड पंचवीस दिसत असताना घेतलेला शेअर जून 2022 मध्ये साडेआठशेच्या आसपास घसरला. मार्च 2024 मध्ये, ज्या वर्षाचं यील्ड उणे निघालं त्या वर्षाच्या शेवटी, तो जुन्या हिशोबाने (मध्यंतरी एका शेअरचे दहा झाले, ते पुढे येईलच) दीड हजाराच्या वर होता. पोलाद, साखर, रसायनं अशा चक्री धंद्यांत यील्ड सर्वांत आकर्षक दिसतं ते बहुधा नफ्याच्या शिखरावर. म्हणून सात-आठ वर्षांच्या नफ्याची सरासरी काढून ती आजच्या भावाशी ताडून बघा. जमीन किंवा उपकंपनी विकून आलेला एकरकमी नफा असेल तर तोही आधी वजा करा.

आकडा अचाट आला तर

जुलै 2022 मध्ये याच शेअरचे दहा तुकडे झाले (यालाच स्प्लिट म्हणतात), भाव शंभराच्या आसपास आला. माझ्या एक्सेलमध्ये भाव नवा आणि ईपीएस जुना राहिला. उत्तर आलं तीनशे टक्क्यांच्या वर! हे हसण्यावारी जातं, कारण चूक डोळ्यात भरते. पण एकास एक बोनसमध्ये, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट मिळतो तेव्हा, यील्ड फक्त दुप्पट दिसतं, सहाचं बारा, आणि ते सहज पचून जातं. यील्ड एकाएकी नेमक्या पटीत वाढलं की बोनस-स्प्लिटची तारीख बघायची.

तसंच नफा कुठला धरलाय हेही बघा. एनएसई या शेअर बाजाराने एप्रिल 2021 पासून निफ्टी या आपल्या निर्देशांकाच्या पी-ईसाठी एकट्या कंपनीऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली. पी-ई चाळीसवरून तेहतिसाच्या आसपास आला, म्हणजे यील्ड अडीचवरून तीन टक्के. बाजार काही एका रात्रीत स्वस्त झाला नव्हता. त्याआधीच्या आणि नंतरच्या पी-ईचा आलेख जोडून काढला तर तिथे अशीच खोटी घसरण दिसते.

कर्ज विसरणं

दोन कंपन्यांचं यील्ड आठ टक्के असेल, पण एकीवर कर्जाचा डोंगर आणि दुसरीकडे रोकड पडून असेल, तर ते आठ सारखे नव्हेत. अशा वेळी व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा घ्या आणि त्याला बाजारमूल्य (सगळ्या शेअरची मिळून किंमत) अधिक निव्वळ कर्ज (कर्जातून रोकड वजा करून) या बेरजेने भागा. बँकांना मात्र हे लावू नका. कर्जाऊ पैसा हाच त्यांचा कच्चा माल.

राहता राहिलं उणे यील्ड. ते बघून बरेच जण कंपनी यादीतूनच उडवतात. तोट्यातल्या कंपनीचा पी-ई निरुपयोगी ठरतो, पण यील्ड उणे असलं तरी हिशोबात धरता येतं. सगळ्या शेअरचं मिळून यील्ड काढताना तोटेवाले गाळले, तर उरलेल्यांची सरासरी उगाच गुटगुटीत दिसते.