एम्परर बँडचा ‘प्रोमिथियस’ कसा ऐकावा

नॉर्वेच्या एम्परर या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा वेगवान, कर्कश प्रकार) वाजवणाऱ्या बँडचा ‘प्रोमिथियस: द डिसिप्लिन ऑफ फायर अँड डिमाइस’ हा अल्बम २००१ साली आला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो बहुतेक वेळा नुसता गोंगाट वाटतो, आणि त्यात ऐकणाऱ्याचा काही दोष नाही. एकाच वेळी इतके थर वाजत असतात की कान कशावरच ठरत नाही. म्हणून हा अल्बम एका दमात समजून घेण्याचा हट्ट धरू नये. एका वेळी एकच थर ऐकावा.

एकूण नऊ गाणी आणि पन्नास मिनिटांहून थोडा अधिक वेळ असा ऐवज आहे. फोनच्या स्पीकरवर तो ऐकण्यात अर्थ नाही, कारण तिथे खालचे स्वर गळून पडतात आणि गिटार व कीबोर्ड एकमेकांत मिसळून त्यांचा लगदा होतो. साधे पण बरे हेडफोन घ्यावेत आणि आवाज मध्यम ठेवावा. मेटल म्हणजे कानठळ्या बसवूनच ऐकायचे, हा समज इथे आड येतो, कारण आवाज वाढवला की सर्वांत आधी बारकावे हरवतात.

सुरुवात पहिल्या गाण्यापासून करू नये, असे माझे मत आहे. आधी ‘इन द वर्डलेस चेंबर’ लावावे आणि त्यातल्या पितळी वाद्यांसारख्या सुरावटीकडे लक्ष द्यावे. हा खरा वाद्यवृंद नाही, सगळे सिंथेसायझरवर उभे केलेले आहे. पण ती सुरावट गिटारला मागून नुसता भरणा पुरवत नाही, तर स्वतःचे म्हणणे मांडते. तो थर एकदा ओळखीचा झाला की मग पहिल्या ‘द इरप्शन’कडे वळावे. त्याच्या आरंभी हार्पसिकॉर्डचा, म्हणजे युरोपातल्या जुन्या, तार छेडून वाजणाऱ्या कळवाद्याचा, नाद येतो. संगीतकाराचा कल कुठे आहे, हे त्या काही क्षणांतच कळते.

यानंतर तीच दोन गाणी पुन्हा लावून फक्त गिटारचा माग काढावा. इथे सात तारांची गिटार वापरली आहे, त्यामुळे खालचा स्वर अधिक जड झाला आहे. दोन गिटार पुष्कळदा एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा, न वाजवता वेगवेगळ्या ओळी चालवतात, आणि सौंदर्य त्या ओळींच्या एकमेकींना छेदण्यात असते.

ड्रम्स शेवटी घ्यावेत, कारण नवखा श्रोता तिथेच अडखळतो. ब्लास्ट बीटमध्ये, म्हणजे मेटलमधल्या अतिवेगवान ड्रमवादनात, ठोके इतके दाट पडतात की ते मोजण्याचा प्रयत्न फसतोच. आपल्याकडे गाणे ऐकताना सम शोधण्याची सवय असते, पण इथे ठराविक मात्रांचे आवर्तन सतत फिरत नाही. मापे गाण्याच्या मध्येच बदलतात. तेव्हा पायाने ठेका धरायचा असेल तर तो ड्रमच्या ठोक्यांवर न धरता, पाठीमागची सुरावट जिथे बदलते तिथे धरावा. तसे केले की वरचा वेग पडद्यासारखा मागे सरकतो आणि मूळची संथ चाल दिसू लागते.

आता रचना. ध्रुवपद कधी येते याची वाट पाहू नये. ‘द टंग ऑफ फायर’ सात मिनिटांच्या पुढे जाते. त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन चाल बदलली की मिनिट-सेकंद टिपून ठेवावेत. दुसऱ्या फेरीत त्या खुणा समोर असल्या की कोणता भाग परतला आणि कोणता एकदाच येऊन गेला हे तपासता येते. हा खटाटोप शाळकरी वाटेल, पण मला याहून उपयोगी उपाय सापडलेला नाही. ‘एम्प्टी’ मात्र आखूड आणि सरळ अंगावर येणारे आहे. त्यासाठी पेन्सिल खाली ठेवली तरी चालेल.

किंकाळीसारखा आवाज सुरुवातीला एक वाद्य समजून ऐकावा आणि शब्द दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावेत. देवांकडून अग्नी चोरून माणसाला देणारा आणि त्यापायी खडकाला जखडला गेलेला ग्रीक कथेतला प्रोमिथियस ठाऊक असेल, तर शब्द वाचताना पुष्कळ गोष्टी जुळतात.

संगीत आणि शब्द सर्वस्वी बँडचा गायक व गिटारवादक इसान याचे आहेत. सामोथने गिटार आणि ट्रिमने ड्रम्स वाजवले. अल्बम एका डोक्यातून उतरल्यासारखा एकसंध वाटतो तो त्यामुळेच, आणि काहीसा थंडही, हे मान्य करायला हवे. याच बँडच्या १९९७ च्या ‘अँथम्स टू द वेल्किन अ‍ॅट डस्क’ या अल्बममधला धुरकट उन्माद इथे नाही. तो अल्बम आधी ऐकलेला असेल तर काही दिवसांचे अंतर ठेवूनच ‘प्रोमिथियस’ लावावा, नाहीतर नकळत तुलनाच ऐकली जाते.

खऱ्या वाद्यवृंदाने काय फरक पडतो हे पाहायचे असेल, तर ग्रीसच्या सेप्टिकफ्लेश या मेटल बँडचा २००८ मधला ‘कम्युनियन’ हा अल्बम घ्यावा. तिथे प्रागचा वाद्यवृंद आहे आणि ध्वनी भरदार आहे. पण गिटार व सुरावट यांची गुंफण मला ‘प्रोमिथियस’मध्येच अधिक घट्ट वाटते. ही तुलना झाली की ‘थॉर्न्स ऑन माय ग्रेव्ह’ हे शेवटचे गाणे ऐकावे, आणि ते मात्र कोणताही थर वेगळा न काढता.