महाज्वालामुखीची राख: छपरावरून उतरवायची कशी?

एका उद्रेकात १००० घन किलोमीटरहून जास्त माल बाहेर फेकतो, तो महाज्वालामुखी. सुमात्रातला तोबा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला तेव्हा त्याची राख भारतापर्यंत आली. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे; ती याच उद्रेकाची की त्याहून जुन्या, हा वाद आहे. असा प्रसंग आपल्या हयातीत येण्याची शक्यता फारच कमी. पण इटलीत नेपल्सजवळच्या काम्पी फ्लेग्रेई या ज्वालामुखीत लहान उद्रेकाची शक्यता त्याहून पुष्कळ जास्त आहे, आणि उद्रेक लहान असो वा मोठा, राखेशी वागायची रीत तीच.

ज्वालामुखीच्या अगदी जवळ असाल तर मात्र एकच उपाय: निघणं. तापलेला वायू आणि राख यांचा लोट शेकडो अंश सेल्सिअसचा असतो; त्यापुढे मास्क, बंद खिडक्या काही कामाचं नाही. काम्पी फ्लेग्रेईच्या लाल, म्हणजे सर्वांत धोक्याच्या, पट्ट्यात सुमारे ५ लाख लोक राहतात. त्यांना हलवण्याची योजना ७२ तासांची आहे: १२ तयारीचे, ४८ बाहेर पडण्याचे, १२ हाताशी राखलेले. पुढचं सगळं दूरच्या गावांसाठी.

राख म्हणतो खरी, पण ती चुलीतली नव्हे; दगड आणि काच यांचा भुगा आहे. पाण्यात विरघळत नाही आणि वजनाला जबर असते. १० सेंटिमीटर कोरड्या थराचं वजन चौरस मीटरला ५० ते १३० किलो, भिजला की २०० पर्यंत. म्हणजे ५ बाय ४ मीटरच्या पत्र्यावर ओली राख ४ टनांपर्यंत जाते. फिलिपिन्सच्या पिनातुबोत १९९१ साली नेमकं हेच झालं: उद्रेकाच्याच दिवशी वादळाचा पाऊस आला, राख भिजली आणि छपरं कोसळून शेकडो माणसं गेली.

म्हणून थर दोन-तीन सेंटिमीटरचा असतानाच, आणि पावसाआधी, उतरवायला लागावं. थर आधीच जाड झाला असेल किंवा छप्पर वाकलेलं दिसत असेल तर वर चढू नये, खालीही थांबू नये. शिडी धरायला दुसरा माणूस हवाच, कमरेला दोर हवा. राखेवरून पाय सटकतो. आधी झारीने हलकं शिंपडावं, धूळ बसेल एवढंच. नळी सोडली की वजन वाढलंच म्हणून समजा. मग आढ्याकडून वळचणीकडे फावड्याने ओढावं, पण एक बाजू पूर्ण मोकळी करून दुसरीकडे वळू नये; भार एकतर्फी होतो. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने एकेक पट्टा घ्यावा. पन्हळीची तोंडं आधीच बुजवावीत, नाहीतर आत गेलेली राख सिमेंटसारखी घट्ट बसते. गटारात ढकलणाऱ्यांचंही तेच होतं.

तोंडाला नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. फडकं ओलं केल्याने जास्त गाळलं जातं, हा समज चुकीचा आहे. डोळ्यांना बंद गॉगल. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवावी, नाहीतर बुबुळावर ओरखडे येतात.

पाण्याची तयारी राख पडण्याआधीच करावी. छपरावरून टाकीत येणारा पाइप सोडवावा, टाकी आणि विहीर झाकावी, पिण्याचं पाणी भरून ठेवावं. गढूळ पाणी निवळून गाळता येतं, पण राखेतून उतरलेलं फ्लोराइड उकळून जात नाही. जनावरांनाही हाच धोका. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकीच्या उद्रेकानंतर फ्लोराइडने विषारी झालेलं गवत खाऊन निम्म्याहून जास्त गुरंढोरं मेली. तेव्हा गुरं गोठ्यात आणि चारा झाकून.

घरात एसी, एक्झॉस्ट फॅन बंद. दारांच्या फटींना ओली फडकी. गाडी शक्यतो काढू नये: एअर फिल्टर बघता बघता तुंबतो आणि कोरड्या काचेवर वायपर फिरवला की काच कायमची खरवडली जाते. आधी भरपूर पाणी ओतावं.

उतरवलेली राख पोत्यांत भरायची तर पोतं अर्धंच भरावं, एका माणसाला उचलण्याजोगं. उघड्यावर ढीग राहिलाच तर त्यावर माती पसरावी, नाहीतर वाऱ्याने तीच राख पुन्हा छपरावर येते.