बिल्डरूटमध्ये आपला ड्रायव्हर अन् पॅकेज टाकायचं असेल तर हे असं करा

इथं नागपुरात संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी टेम्परेचर-ह्युमिडिटी मोजणारा बोर्ड आम्ही बनवून राहिलो, आत ६-७ डिग्री टिकवायचं असतं अन् ओलावा ९० टक्क्यांच्या वर, त्यामुळे रीडिंगवर भरवसा पाहिजेच. बोर्डावरचं लिनक्स बिल्डरूटवर बनवतो, म्हणजे बोर्डात टाकायची लिनक्सची पूर्ण इमेज सोर्सपासून बनवून देणारं टूल. कॉलेजची पोरं शिकायला येतात अन् बहुतेकांचा हात आधी आउटपुटमधल्या टार्गेट फोल्डरकडे जातो, तिथं फाइल टाकली की इमेजमध्ये आली, झालं काम! राजेहो, तसं नका करू. एक मेक क्लीन (बिल्डमधून तयार झालेलं सगळं पुसणारी कमांड) मारलं की ते सगळं गेलं, अन् सहा महिन्यांनी ती इमेज परत कशी बनवायची हे कोणालाच सांगता येत नाही.

आपलं जे काही आहे ते बिल्डरूटच्या बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्याला एक्स्टर्नल ट्री म्हणतात, त्याचा गिट रेपो पण वेगळा. त्यात तीन फाइली लागतातच: एक्स्टर्नल डॉट डेस्क, कॉन्फिग डॉट इन अन् एक्स्टर्नल डॉट एमके. पहिलीत फक्त नाव अन् वर्णन, समजा नाव 'संत्रा' ठेवलं (फाइलीत इंग्रजी अक्षरांतच लिहायचं, स्पेस अन् डॅश चालत नाही) तर त्या नावावरून पाथचा व्हेरिएबल बिल्डरूट स्वतः बनवतो, मग सगळीकडे तोच वापरायचा, स्वतःच्या लॅपटॉपचा पाथ कुठंच लिहायचा नाही. मेकला हा फोल्डर पहिल्यांदा एकदाच सांगायचा, पुढं त्या आउटपुट फोल्डरला तो लक्षात राहतो.

आता ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा कोड. लिहायला बसायच्या आधी भाऊ, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे का ते बघ. एसएचटी३एक्स या टेम्परेचर-ह्युमिडिटी सेन्सरचा ड्रायव्हर कर्नलच्या एचडब्ल्यूमॉन (सेन्सरच्या ड्रायव्हरांचा भाग) मध्ये आधीच आहे, फक्त लिनक्स-मेन्यूकॉन्फिग या कर्नलच्या सेटिंग मेन्यूमधून चालू करायचा अन् तो बदल एका छोट्या कॉन्फिग फ्रॅगमेंटमध्ये (तेवढ्याच सेटिंगची फाइल) लिहून ठेवायचा. अर्ध्या वेळेला काम इथंच संपतं.

खरंच स्वतःचा ड्रायव्हर असेल तर एक्स्टर्नल ट्रीमध्ये पॅकेज फोल्डर, त्यात ड्रायव्हरच्या नावाचा फोल्डर, त्यात कॉन्फिग डॉट इन अन् त्याच नावाची एमके फाइल. सोर्स शेजारीच असेल तर साइट मेथड (सोर्स कुठून आणायचा ती सेटिंग) 'लोकल' ठेवा. एमकेच्या शेवटी दोन इव्हॅल ओळी येतात, आधी कर्नल-मॉड्यूलची अन् मगच जेनेरिक-पॅकेजची, हा क्रम उलटा करू नका. कॉन्फिगमध्ये लिनक्स कर्नलवर डिपेंड्स ऑन टाका. अन् वरच्या मुख्य कॉन्फिग डॉट इनमधून याला सोर्स करायचं विसरलात तर मेन्यूत पॅकेज दिसतच नाही, मग पोरं तासभर शोधत बसतात का काऊन दिसून नाही राहिलं.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे मॉड्यूल (कर्नलमध्ये नंतर लोड होणारी ड्रायव्हरची फाइल) त्याच कर्नलवर बनतो जो बोर्डावर जाणार आहे. दुसरीकडून बनवून आणलेला मॉड्यूल इनस्मॉडनं लोड केला की 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' येतं, डीमेसेज (कर्नलचे मेसेज) बघितलं तर व्हर्जन मॅजिक, म्हणजे कर्नलच्या व्हर्जनची खूण, जुळलेलं नसतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा, कर्नलचं कॉन्फिग बदललं तर बिल्डरूट आपला मॉड्यूल आपोआप परत बनवत नाही, त्या पॅकेजचं डिरक्लीन करून (त्याचा बिल्ड फोल्डर पुसून) परत बिल्ड करायचं. नुसता सोर्स बदलला असेल तर रिबिल्ड पुरतं.

मॉड्यूल बूटला आपोआप लोड व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. डिव्हाइस ट्रीमधली (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे हे कर्नलला सांगणारी फाइल) कंपॅटिबल स्ट्रिंग ड्रायव्हरमधल्याशी अक्षर न् अक्षर तीच पाहिजे, कॉमासकट. ड्रायव्हरमध्ये मॉड्यूल डिव्हाइस टेबलची ओळ पाहिजे. अन् बिल्डरूटमध्ये डिव्हाइस मॅनेजमेंट नुसतं डेव्हटीएमपीएफएस नको, सोबत एमडेव्ह किंवा इयूडेव्ह घ्या, डिव्हाइस दिसलं की मॉड्यूल लोड करायचं काम तेच करतात. मोडप्रोबनं मॉड्यूल हातानं लोड होतो पण बूटला येत नाही, असं असेल तर आधी हेच बघा.

आपला युजरस्पेस प्रोग्राम (कर्नलच्या बाहेर चालणारा साधा प्रोग्राम) पण असाच पॅकेज करून टाकायचा, सीमेक असेल तर सीमेक-पॅकेज वापरा, लय सोपं पडतं. स्वतःची मेकफाइल असेल तर त्यात नुसतं जीसीसी लिहून ठेवू नका, बिल्डरूट जो कंपायलर देतो तोच घ्या. नाहीतर लॅपटॉपची बायनरी बनते अन् बिल्ड शेवटी आर्किटेक्चर चुकल्याची एरर देऊन थांबतो, अन् ते थांबणं चांगलंच आहे, बोर्डावर जाऊन कळण्यापेक्षा.

सीकॅश (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवून परत वापरणारं टूल) चालू ठेवा, मे महिन्यात इथं ४५ डिग्रीत लॅपटॉप तापून सीपीयू हळू होतो, तेव्हा फुल बिल्ड परत परत करणं परवडत नाही.

अन् मेन्यूतून एखादं पॅकेज काढलं तरी त्याच्या फाइली टार्गेटमधून जात नाहीत. म्हणून ग्राहकाला द्यायची इमेज बनवताना आधी सेव्हडेफकॉन्फिग (आपलं कॉन्फिग फाइलीत सेव्ह करणारी कमांड), मग मेक क्लीन अन् मग पूर्ण बिल्ड. क्लीननं डॉट कॉन्फिग अन् डाउनलोड केलेले सोर्स तसेच राहतात. डिस्टक्लीन मात्र मारू नका, तो कॉन्फिगही उडवतो.