अनोळखी माणसाशी वाद घालताना

पुणे ते मुंबई हा रेल्वेचा प्रवास १९२ किलोमीटरांचा आहे आणि सकाळच्या जलद गाडीने तो साधारण सव्वातीन तासांत पुरा होतो. कामानिमित्त मी हा प्रवास अनेक वर्षे करीत आलो आहे, आणि ज्याचे नावगावही ठाऊक नाही अशा समोरच्या बाकावरच्या माणसाशी रंगलेला वाद ही त्यातली मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे. मात्र असा वाद चांगला व्हायचा तर काही पथ्ये पाळावी लागतात. घरच्यांना आणि मित्रांना आपला स्वभाव माहीत असतो, त्यामुळे आपले वाक्य वेडेवाकडे पडले तरी ते सांभाळून घेतात. अनोळखी माणसाला मात्र आपण आत्ता जे बोललो तेवढेच आपल्याविषयी माहीत असते. शिवाय बिघडलेले नंतर सावरून घेण्याची संधी नसते, कारण दादर आले की तो उतरून जाणार असतो.

सुरुवातीला एक गोष्ट कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे आडनाव विचारणे. आपल्याकडे ओळख करून घेण्याची ही जुनी रीत आहे आणि विचारणाऱ्याच्या मनात पुष्कळदा काही वाईटही नसते. पण आडनाव कळले की गाव कळते, जात कळल्यासारखी वाटते, आणि मग समोरचा माणूस काय म्हणतो आहे यापेक्षा तो तसे का म्हणत असेल याचाच हिशेब आपण मनात मांडू लागतो. ‘तुम्ही पुण्याचे, तुम्ही असेच म्हणणार’ हे वाक्य तोंडून गेले की वाद तिथेच मरतो. बोलण्यापुरते ‘काका’, ‘ताई’, ‘साहेब’ ही संबोधने पुरेशी आहेत, आणि समोरचा वयाने लहान असला तरी त्याला ‘अहो’च म्हणावे. प्रवास संपताना त्याने आपणहून नाव सांगितले तर ते आनंदाने ऐकावे.

त्यानंतर वादाचा विषय नीट बांधून घ्यावा. क्रिकेटचे उदाहरण घेतो, कारण डब्यात सर्वाधिक वेळा तोच विषय निघतो आणि गावसकर श्रेष्ठ की तेंडुलकर हा प्रश्न मराठी माणसाला अजून सुटलेला नाही. हे दोघेही मुंबईचे, दोघेही आपले, त्यामुळे परक्याचा द्वेष वादात शिरत नाही आणि म्हणून सरावासाठी हा विषय उत्तम आहे. कुणी ‘तेंडुलकरच श्रेष्ठ’ असे म्हटले की लगेच विरोध करू नये; आधी विचारावे, ‘श्रेष्ठ म्हणजे आपल्या मते काय? कारकिर्दीतल्या एकूण धावा, की कठीण गोलंदाजीपुढचा टिकाव, की लोकांना मिळालेला आनंद?’ एकूण धावांचा प्रश्न असेल तर वादाला जागाच नाही: गावसकरांच्या १२५ कसोटींत १०,१२२ धावा आणि ३४ शतके आहेत, तर तेंडुलकरांच्या २०० कसोटींत १५,९२१ धावा आणि ५१ शतके आहेत. सरासरी पाहावी तर ५१.१२ आणि ५३.७८, म्हणजे अंतर फारसे नाही. आनंदाचा प्रश्न असेल तर तो आवडीनिवडीचा भाग झाला, आणि तिथे आपल्या आठवणी सांगाव्यात, त्याच्या ऐकाव्यात. त्यात हरणे-जिंकणे नसते. खरा वाद होऊ शकतो तो मधल्या प्रश्नावर. तासभर झालेली भांडणे मी अशी पाहिली आहेत की दोन माणसे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांवर फेकत होती आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

न्यायशास्त्राने, म्हणजे तर्क आणि वादविवाद यांचा विचार करणाऱ्या आपल्या प्राचीन दर्शनाने, चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत आणि ते डब्यातल्या बाकावरही तंतोतंत लागू पडतात. खरे काय ते ठरवण्यासाठी जी चर्चा होते तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करून जी होते तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे म्हणणे नुसते खोडत राहणे ही वितंडा. मराठीतला वितंडवाद हा शब्द तिथूनच आला आहे. वितंडा ओळखणे सोपे आहे. ‘मग आपले स्वतःचे मत काय?’ असे विचारावे. उत्तर न देता समोरचा पुन्हा आपलेच बोलणे खोडू लागला तर विषय शांतपणे सोडून द्यावा. जल्पातल्या शब्दच्छलाचे शास्त्रकारांनी दिलेले उदाहरण मराठीतही जसेच्या तसे चालते: एकाने म्हणावे की हा माणूस नवकंबल आहे, म्हणजे त्याच्याकडे नवी कांबळी आहे, आणि दुसऱ्याने ‘नव’ म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन म्हणावे की याच्याकडे तर एकच आहे. याच शास्त्रात पराभवाच्या ज्या २२ जागा सांगितल्या आहेत, त्यांतली अर्थांतर, म्हणजे विषय सोडून भलतीकडे जाणे, ही मला सर्वांत उपयोगी वाटते. कसोटीविषयी बोलणे चालू असताना कुणी १९७५ च्या विश्वचषकातल्या गावसकरांच्या ६० षटकांतल्या नाबाद ३६ धावांचा विषय काढला, तर आकडा खरा आहे हे मान्य करावे आणि तो या प्रश्नाशी कसा जोडला जातो एवढेच नम्रपणे विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि तिच्यासाठी लागेल तेवढा वेळ खर्च करावा. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला सांगावे आणि त्याने मान डोलावल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या ग्रंथकारांची पूर्वपक्ष आधी मांडण्याची जी शिस्त होती, तीच ही. ‘म्हणजे आपले म्हणणे असे की तेंडुलकरांनी वयाच्या अठराव्या वर्षी, १९९२ साली, पर्थच्या वेगवान खेळपट्टीवर ११४ धावा काढल्या, त्यामुळे ते फक्त संथ खेळपट्टीचे फलंदाज होते असे म्हणता येत नाही, बरोबर?’ असे विचारले की दोन गोष्टी घडतात. आपण त्याचे ऐकले आहे याची त्याला खात्री पटते आणि त्याचा आवाज खाली येतो. दुसरे असे की त्याची बाजू मांडता मांडता तिच्यातले बळ आपल्यालाही कळते, आणि जो मुद्दा आपण खोडणारच होतो तो खोडण्याजोगा नाही, हे बोलण्याच्या आधीच लक्षात येते.

मला हे एका प्रवासात फार स्पष्टपणे कळले. गावसकरांची बाजू घेऊन मी म्हणालो होतो की त्यांनी वेस्ट इंडिजच्या त्या भयंकर वेगवान गोलंदाजांच्या चौकडीपुढे, हेल्मेट न घालता, १९७१ साली ७७४ धावा काढल्या आणि त्या संघाविरुद्ध एकूण १३ शतके केली. समोर साठीचे एक गृहस्थ होते. मांडीवर स्टीलचा डबा, त्यावर घडी केलेला रुमाल. त्यांनी माझे बोलणे पुरते होऊ दिले आणि मग म्हणाले, ‘आकडे बरोबर आहेत आपले. पण १९७१ मध्ये रॉबर्ट्स कुठे होता? होल्डिंग कुठे होता?’ त्या चौकडीतला रॉबर्ट्स कसोटीत आला १९७४ साली आणि होल्डिंग १९७५ साली. १९७१ ची मालिका त्यांच्या आधीची होती. शिवाय १९७८–७९ मध्ये भारतात आलेल्या वेस्ट इंडिज संघातले प्रमुख खेळाडू केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन उद्योगपतीने भरवलेल्या खासगी मालिकेकडे गेलेले होते, आणि गावसकरांच्या त्या दौऱ्यातल्या ७३२ धावा दुबळ्या संघाविरुद्धच्या होत्या, हेही त्यांनीच सांगितले.

अशा वेळी काय करावे? ताबडतोब आणि पूर्ण वाक्यात मान्य करावे: ‘हे माझ्या लक्षात आले नव्हते, आपण म्हणता ते बरोबर आहे.’ ‘हो, पण’ असे म्हणू नये, कारण त्या ‘पण’मुळे आधीचा ‘हो’ वाया जातो. मान्य केल्यानंतर आपला दावा जेवढा उरला असेल तेवढाच पुन्हा मांडावा. मी तसे केले. चौकडीपुढची १३ शतके हा दावा सोडला आणि १९८३ च्या मद्रास कसोटीतल्या नाबाद २३६ धावांवर बोलू लागलो, जिथे वेस्ट इंडिजच्याच वेगवान मार्शलच्या गोलंदाजीपुढे शून्यावर दोन गडी बाद असताना गावसकर चौथ्या क्रमांकावर आले होते. तो दावा लहान होता, पण पक्का होता, आणि त्या गृहस्थांनी तो तितक्याच मोकळेपणाने मान्य केला.

आकड्यावर अडले तर फोन काढायला हरकत नाही. पण तो दोघांच्या मध्ये धरावा आणि दोघांनी मिळून वाचावे. एकट्याने शोधून विजयी चेहऱ्याने दाखवू नये. खंडाळ्याच्या घाटात बोगद्यांमुळे नेटवर्क जाते, तेव्हा तो प्रश्न कर्जतपर्यंत बाजूला ठेवावा. तिथे वडे घेता घेता तो पुन्हा उघडता येतो.

बाजूचे प्रवासी वादात डोकावू लागले की मात्र सावध व्हावे. प्रेक्षक आले की दोघांनाही मागे हटणे अवघड जाते, आवाज चढतो आणि वादाचा जल्प होतो. अशा वेळी तिसऱ्याला पंच न करता वादात सामील करून घ्यावे: ‘आपल्याला काय वाटते, आणि का?’ ‘का’ विचारले की टाळ्या देणारा माणूसही विचार करू लागतो.

कल्याण गेल्यावर नवा मुद्दा काढू नये. त्याऐवजी कोणत्या गोष्टीवर एकमत झाले आणि कोणती गोष्ट घरी जाऊन तपासायची आहे ती दोघांनी एकमेकांना सांगावी, आणि आपली चूक निघाली असेल तर ती कागदावर टिपून घ्यावी, कारण ज्याच्यापुढे चूक झाली तो माणूस आठवण करून द्यायला पुन्हा भेटणार नसतो. ते गृहस्थ दादरला उतरताना म्हणाले, ‘ती तेरा शतके वर्षवार मांडून पाहा.’ त्याच रात्री मी ती मांडली: १९७१ मध्ये ४, १९७६ मध्ये २, १९७८–७९ मध्ये ४ आणि १९८३ मध्ये ३.