कॉलेज, कंपनी आणि सरकारचं टायअप: एमओयूचा फोटो काढण्याआधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी पावणेआठला रबाळेवरून फोन, "सर, वॉचमन आत सोडत नाहीये." चार पोरं, दोघं डोंबिवलीचे, एक टिटवाळ्याचा, एक मानखुर्दचा, इंटर्नशिपचा पहिला दिवस म्हणून इस्त्रीचे शर्ट घालून पहाटेच निघालेली, आणि गेटवर अडकली कारण पायात सेफ्टी शूज नाहीत. वॉचमनचं काही चुकलं नाही, त्याला तशीच ऑर्डर आहे. एचआर मॅडम म्हणाल्या शूज कॉलेजने द्यायचे असतात, आमचे प्रिन्सिपल म्हणाले कंपनीने द्यायचे असतात, अकाउंटवाल्यांनी विचारलं हा खर्च कुठल्या हेडखाली टाकू. तीन पानांचा एमओयू, म्हणजे आपसातला सामंजस्य करार, काढून वाचला तर 'सेंटर ऑफ एक्सलन्स' चार ठिकाणी, बुटांचा उल्लेख कुठेच नाही. शेवटी मीच नागदेवी स्ट्रीटला जाऊन चार जोड आणले, त्यात सहा नंबर मिळता मिळेना, आणि पोरांचे पहिले दोन दिवस गेले ते गेलेच.

मी पॉलिटेक्निकमध्ये ट्रेनिंग-प्लेसमेंट बघतो, त्याआधी वागळे इस्टेटला मेंटेनन्समध्ये होतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. कॉलेज, कारखाना आणि सरकार मिळून माणसं तयार करायची ही आयडिया मुंबईला काही नवीन नाही, व्हीजेटीआय १८८७ साली भायखळ्याला सुरू झालं तेच गिरण्यांना शिकलेली माणसं हवी होती म्हणून. पण माझं एक मत आता पक्कं झालंय. एमओयूवर सह्या करणारे तिघं पुढे त्या पोरांचं तोंडही बघत नाहीत, गाडा ओढतात ते दुसरेच तिघं: कॉलेजमधला शिकवणारा माणूस, पोर्टल भरणारा क्लार्क आणि कंपनीतला शिफ्ट सुपरवायझर. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या तिघांना कोणी विचारलंच नाही म्हणून होतात.

सुपरवायझरला सगळ्यात शेवटी कळवणं

एका बॅचला मी तिसऱ्या आठवड्यात न सांगता भेट द्यायला गेलो. मेकॅनिकलची पोरं, आणि पॅकिंगला बसून खोक्यांवर लेबल चिकटवत होती. डोकं सणकलं माझं, सरळ सुपरवायझरकडे गेलो. तो माणूस शांतपणे बोलला, "सर, ही पोरं कशाला आलीत हे मला कोणी सांगितलंय का? मला शिफ्टचं टार्गेट आहे, पोराला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, उभं केलं आणि त्याने इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, फोडलं तर ते कोणाच्या नावावर टाकू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच कोणी सांगितलं नव्हतं. एचआरने मेल टाकला होता प्लँट हेडला, प्लँट हेडने तो फॉरवर्ड केला होता, आणि शॉप फ्लोअरवर मेल बघतो कोण.

आता आम्ही सही व्हायच्या आधीच सुपरवायझरशी चहा पितो. त्याच्यासोबत बसून एकच पान लिहितो, कुठल्या आठवड्यात पोरगा काय करणार, कोणाच्या हाताखाली, काय तुटलं-फुटलं तर कंपनी किती सोसणार, आणि शिकवण्यात गेलेला वेळ त्याच्या टार्गेटमधून कापला जाणार की नाही. हा शेवटचा मुद्दा प्लँट हेडकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासन महिनाअखेरच्या डिस्पॅचला वाहून जातं. तो कागद मराठीत किंवा हिंदीत, मशीनशेजारी चिकटवायचा.

त्याच सुपरवायझरने पुढच्या वर्षी काय केलं बघा. पोराच्या हातात मायक्रोमीटर दिला, समोर रिजेक्ट झालेल्या शाफ्टचा ट्रे ठेवला आणि बोलला, "यातला प्रत्येक पीस का रिजेक्ट झाला ते सांग." पोरगा दीड दिवस मापं घेत बसला. एक पीस त्याला कळेचना, सगळी मापं ड्रॉइंगप्रमाणे बरोबर, दहादा मोजला, मग खिडकीजवळ नेऊन उजेडात धरला तेव्हा बेअरिंग बसायच्या जागेवर बारीक ओरखडा दिसला, कोणीतरी चिप साफ न करता क्लॅम्प केलेला. कंपनीचा खर्च शून्य, मशीनला हात नाही, टूल तुटायची भीती नाही, आणि पोरगा जे शिकला ते आमच्या लॅबमध्ये मी त्याला सहा महिन्यांत शिकवू शकलो नसतो.

योजनांची खिचडी करू नका

हा घोळ कंपन्याही करतात आणि कॉलेजंही. अप्रेंटिस, इंटर्न आणि 'सरकारचं ते सहा महिन्यांचं' हे सगळं एकच समजून फॉर्म भरतात आणि मग वर्षभर निस्तरत बसतात.

अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या कायद्याखालचा. त्यातही दोन रस्ते आहेत. आयटीआयवाल्यांचा मुख्य रस्ता नॅप्स, केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाचा, त्यात स्टायपेंडचा २५ टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांचा रस्ता नॅट्स, तो शिक्षण मंत्रालयाचा, त्यात ठरलेल्या किमान स्टायपेंडचा निम्मा भाग सरकार उचलतं आणि आपल्या भागाचं ऑफिस सायनलाच आहे, बोट म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग म्हणतात ते. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही तिसरीच गोष्ट, तिथे बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला १०,००० असं विद्यावेतन सरकारच देतं, सुरुवातीला सहा महिने होते ते नंतर वाढवून अकरा केले. आहे ती ठीक, पण ती अप्रेंटिसशिप नव्हे, तिच्यातून अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट म्हणजे एनएसी मिळत नाही, आणि आयटीआयच्या पोराला पुढे बऱ्याच सरकारी जाहिरातींत नेमकी तीच एनएसी मागतात. पोराला हे पहिल्या दिवशी सांगा, दहाव्या महिन्यात कळलं तर शिव्या तुम्हालाच पडणार. आणि डिप्लोमाच्या चौथ्या सेमिस्टरनंतरची बारा आठवड्यांची इंटर्नशिप ही अभ्यासक्रमाचा भाग, तिचा या तिन्हींशी संबंध नाही.

कंपनीच्या दारात जाताना एक आकडा पाठ करून जा. ३० किंवा जास्त माणसं असतील तर एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मोजताना कॉन्ट्रॅक्टचे कामगारही धरायचे. "आमच्याकडे पर्मनंट पंचवीसच आहेत हो" हे वाक्य मी एमआयडीसीतल्या निम्म्या ऑफिसांत ऐकलंय. आत दोनशे माणसं राबत असतील तर किमान पाच घ्यावेच लागतात, तीसपर्यंत घेता येतात. पण हे धमकीच्या सुरात नका बोलू. त्यांची खरी भीती वेगळी असते, की पोरगा उद्या पर्मनंट करा म्हणेल. त्यांना सांगा की अप्रेंटिस कायद्याने 'कामगार' धरला जात नाही, पीएफ-ईएसआय लागत नाही, नोकरी देण्याची सक्ती नाही. आणि लगेच पुढचंही सांगा, की सुरक्षेचे नियम त्याला लागू आहेत, कामावर इजा झाली तर भरपाई कंपनीवर येते, आणि अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. अर्धंच सांगणारे टीपीओ, म्हणजे माझ्यासारखे ट्रेनिंग-प्लेसमेंटवाले, मी बघितलेत, मग कंपनी त्यांच्याच जिवावर पोरांकडून डबल शिफ्ट करून घेते.

स्टायपेंड अडकला की आधी नाव बघा

"सर, सरकारचे पैसे आलेच नाहीत" हा फोन दर महिन्याला असतो. सरकारचा हिस्सा थेट पोराच्या खात्यात येतो, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात, आणि इथेच गंमत आहे. पोराने दिलेला अकाउंट नंबर एक असतो आणि आधारला शेवटचं जोडलेलं खातं दुसरंच, कधीतरी सिमकार्डवाल्याने स्टॉलवर बसून उघडून दिलेलं, पैसे तिकडे जाऊन पडलेले असतात. आमच्या एका पोराचे चार महिन्यांचे पैसे अशा खात्यात सापडले जे आपण उघडलंय हेच त्याला आठवत नव्हतं. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे, कॉन्ट्रॅक्ट बनवायच्या आधी प्रत्येकाचं बघून घ्या.

दुसरं म्हणजे नाव. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आधारवर उलटं. वडिलांच्या नावापुढे एका कागदावर 'राव' आहे, दुसऱ्यावर नाही. पोर्टलला हे कळत नाही आणि तुम्ही कितीही वेळा रिफ्रेश केलंत तरी कळणार नाही. ॲडमिशनच्या वेळीच आधार आणि दहावीची मार्कशीट शेजारी ठेवून तपासा, दुरुस्तीला लागणारे आठवडे तेव्हा हाताशी असतात.

आणि प्रवासाचं कोणी बोलतच नाही. रेल्वेचं कन्सेशन घर ते कॉलेज असतं, कंपनी भलत्याच लाइनवर असली तर पोराला पूर्ण भाड्याचा पास काढावा लागतो, वर स्टेशनपासून शेअर रिक्षा. बारा आठवड्यांत हा आकडा बराच होतो. आम्ही हल्ली पोराचा पत्ता बघून कंपनी देतो, वसईच्या पोराला वसईचं युनिट, कल्याणच्या पोराला अंबरनाथ-बदलापूरकडचं. साधी गोष्ट आहे पण हजेरीत फरक पडला.

दान आलेलं मशीन

कंपनी म्हणते आमचं जुनं सीएनसी घेऊन जा. लगेच हार, नारळ, फोटो. कृपा करून आधी हे विचारा: कंट्रोलरचे स्पेअर अजून मिळतात का, मॅन्युअल आहे का, आपल्या वर्कशॉपचा सँक्शन लोड, म्हणजे मंजूर वीजभार, पुरतो का, एएमसी म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे कोण भरणार, आणि शिकवणार कोण. माझ्या माहितीतल्या एका संस्थेत असं मशीन अडीच वर्षं ताडपत्रीखाली होतं कारण लोड वाढवायची फाइल फिरत होती, पावसाळ्यात वर शेड गळायची. आणि सरकारी संस्थेत वस्तू एकदा डेडस्टॉक रजिस्टरला चढली की निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे नोंद रीतसर काढून टाकेपर्यंत, हलवता येत नाही, म्हणजे जागाही गेली. त्यापेक्षा कंपनीला म्हणा महिन्यातून दोन शनिवार तुमचं चालू मशीन आणि तुमचा ऑपरेटर द्या. किंवा आमच्या दोन लेक्चररना उन्हाळ्यात पंधरा दिवस तुमच्याकडे राबू द्या. खरं तर याचीच जास्त गरज आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात एवढी डेटा सेंटर उभी राहिली, त्यांना चिलर, यूपीएस, डीजी सेट सांभाळणारी पोरं पाहिजेत, आणि आमच्या इलेक्ट्रिकलच्या निम्म्या स्टाफने आतून डेटा सेंटर बघितलेलं नाही. मीही धरून.

सगळे एकाच वेळी पाठवतात

चौथं सेमिस्टर राज्यभर एकाच वेळी संपतं, त्यामुळे मे-जूनमध्ये प्रत्येक कंपनीच्या दारात दहा कॉलेजांची पत्रं. जानेवारीतच बोलून ठेवा. आणि विचारा की तुमचं शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवणं, कधी असतं. बहुतेक टीपीओ शटडाउन टाळतात, मी मागून घेतो, कारण मशीन उघडलेलं पोराला तेव्हाच दिसतं. मुली पाठवत असाल तर चेंजिंग रूम आणि टॉयलेट स्वतः जाऊन बघा, फोनवर 'आहे आहे' म्हणतात.

आयटीआयवाल्यांसाठी एक. २००७-०८ च्या पीपीपी, म्हणजे सरकार-उद्योग भागीदारीच्या, योजनेत १,३९६ सरकारी आयटीआय घेतले होते, प्रत्येकाच्या आयएमसीला म्हणजे व्यवस्थापन समितीला अडीच कोटी, अध्यक्ष उद्योगातला. ते पैसे बिनव्याजी कर्ज होते, आणि अनुदान समजून वागणारे पुढे हिशोबाला घाबरून खर्चच करेनासे झाले. आता आयटीआय सुधारायची केंद्राची पीएम-सेतू योजना आलीय, ६०,००० कोटी, १,००० आयटीआय, त्यात १०,००० कोटी उद्योगांचे धरलेत. तुमची आयटीआय त्यात आली तर कुठला पैसा परत करायचा आणि कुठला नाही हे पहिल्याच मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या, चहा-सामोसे नंतर.

मध्येच सोडून गेलेला पोरगा

हे होणारच. डिलिव्हरीच्या बाइकवर महिन्याला जास्त सुटतात, घरी हप्ता असतो, पोरगा एक दिवस यायचा बंद होतो. कंपनी हजेरीवर लाल रेघ मारते आणि विसरते, पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट मात्र चालूच. वर्षभराने तोच पोरगा शहाणा होऊन परत येतो, दुसरी कंपनी घ्यायला तयार असते, आणि नवीन कॉन्ट्रॅक्ट बनत नाही कारण जुनं अजून उघडं आहे. जुन्या कंपनीतली एचआर तोवर बदललेली असते, लॉगिन कोणाकडे आहे कोणालाच माहीत नसतं. असा एक पोरगा मी गेल्या पावसाळ्यात सोडवला, तीन खेपा घालून. जुन्या कंपनीच्या गेटवर भिजत उभा होतो, आतून कोणी ओळख देईना, शेवटी स्टोअर्सच्या खिडकीतून एक म्हातारे क्लार्क डोकावले, "तो टिटवाळ्याचा ना? पासवर्ड माझ्या डायरीत आहे, या आत."